रिपोर्ट त्याच्या हातात द्या

पत्र

माझ्या बहिणीचा मुलगा चार वर्षांचा असल्यापासून माझ्याकडे आहे. आता त्याला सोळा पूर्ण झाली. एचआयव्ही जन्मापासूनच. बारा वर्षांचा झाला तेव्हा उपचार केंद्रातल्या समुपदेशकांच्या मदतीने आम्ही त्याला सगळं सांगितलं. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं, एकही प्रश्न विचारला नाही. रोज रात्री एकच गोळी असते. इतकी वर्षं व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) ‘सापडत नाही’ असाच रिपोर्ट यायचा. या वेळी १८,६०० आला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकतात का? तो म्हणाला, एकही नाही. मीही छातीठोकपणे त्याच्या बाजूने बोलले.

परवा कपाट आवरताना त्याच्या जुन्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात कागदाची पुडी सापडली. आत वीसेक गोळ्या होत्या. मी पुडी होती तिथेच ठेवली. त्याला अजून काही बोललेले नाही. मागे एकदा चिडून म्हणाला होता, “घेऊन तरी काय होणारे? मरेपर्यंत घ्यायच्याच आहेत ना?”

औषध लागू पडेनासं झालं का? यांचं म्हणणं असं, की पुढचा रिपोर्ट चांगला आला तर नवा फोन देऊ असं सांगावं, मुलं त्यानेच वळणावर येतात. द्यावा का? आणि त्याच्या वर्गशिक्षिका चांगल्या आहेत. त्यांच्या कानावर घालू का, म्हणजे शाळेत कोणाचं तरी लक्ष राहील?

– एक मावशी

उत्तर

ताई,

पुडी जागच्या जागी ठेवलीत आणि तडकाफडकी काही बोलला नाहीत, हे फार बरं केलंत. पण आता फार दिवस गप्पही राहू नका. का ते पुढे येईलच.

आधी औषधाचं. विचित्र वाटेल, पण या सगळ्या प्रकारात ती पुडी ही त्यातल्या त्यात बरी बातमी आहे. व्हायरल लोड वाढला की ढोबळमानाने दोन शक्यता असतात. एक तर औषध पोटात जात नाही, किंवा जातं पण विषाणू त्याला दाद देईनासा झालाय. तुमच्याकडे पहिल्या शक्यतेचा कागदात गुंडाळलेला पुरावा आहे. दुसरी शक्यता त्याने पूर्ण खोडली जात नाही, पण मागे पडते.

१८,६०० म्हणजे रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या तेवढ्या प्रती. उपचार नसलेल्या माणसात हा आकडा लाखांत जाऊ शकतो, म्हणून हातपाय गाळू नका. जागतिक आरोग्य संघटना १,००० ही रेघ धरते. त्याच्या वर गेला की विषाणू आटोक्यात नाही असं समजायचं. १,००० किंवा त्याखाली, पण मशीनला सापडतोय, तर दबलेला आहे. आणि सापडतच नसेल, म्हणजे मशीनप्रमाणे साधारण २० किंवा ५० च्या खाली असेल, तर इतकी वर्षं तुमचा भाचा जिथे होता ती जागा. तिथे तो परत जाऊ शकतो.

‘सापडत नाही’ म्हणजे शरीरातून गेला, असं मात्र नाही. हा विषाणू काही पेशींमध्ये निपचित पडून राहतो, आणि तिथे औषधाचा हात पोचत नाही. गोळ्या थांबल्या की बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच तो रक्तात परत दिसू लागतो. गंमत अशी की त्या आठवड्यांत माणसाला बहुतेकदा काहीही होत नाही. ताप नाही, अशक्तपणा नाही. उलट रोजची कटकट गेली म्हणून बरंच वाटतं. सोळा वर्षांच्या मुलाने गोळी सोडून पाहिली, आभाळ काही कोसळलं नाही, मग दुसऱ्या दिवशीही सोडली. यात दुष्टपणा नाही. त्याने स्वतःवर एक प्रयोग केला आणि त्याचा निकाल चुकीचा वाचला, इतकंच. रोगांशी लढणाऱ्या सीडी-४ पेशी हळूहळू घटतात, दुखणी मागाहून येतात. त्याआधी आतलं चित्र दाखवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे हा रिपोर्ट.

आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती सांगते. डॉक्टरांसमोर तो “एकही नाही” म्हणाला आणि तुम्ही साक्ष दिलीत. आज डॉक्टरांच्या नोंदीत काय आहे? मुलगा सगळ्या गोळ्या घेतोय, तरी विषाणू वाढलाय. पुढच्या तपासणीतही हेच दिसलं, तर त्यातून निघणारा सरळ अर्थ असा की औषध निकामी झालंय, बदला. मग एक चांगलं औषध हातचं जाईल, न घेतलेल्या गोळ्यांपायी. त्याच्यापुढे साठ-सत्तर वर्षं आहेत आणि औषधांचे पर्याय मोजके आहेत. म्हणून खरं काय ते डॉक्टरांपर्यंत पोचायला हवं, आणि शक्यतो त्याच्याच तोंडून. तुम्ही परस्पर फोन करून सांगितलंत तर औषध वाचेल, पण मुलगा हातचा जाईल.

गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, ते बाटलीवर पाहा. हल्ली या वयात रोज एक गोळी म्हणजे बहुधा टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर या तिघांची मिळून असते. तीच असेल तर थोडा दिलासा आहे, कारण डोल्युटेग्राविरला चकवणं विषाणूला सहजासहजी जमत नाही. जुन्या काही औषधांचं तसं नव्हतं. म्हणून सूट मिळाली असं मात्र समजू नका. पूर्ण बंद असण्यापेक्षा दोन दिवस घेतली, चार दिवस नाही, असा खेळ औषध निकामी होण्याच्या दृष्टीने जास्त घातक. रक्तात औषध अर्धंमुर्धं असतं, विषाणू वाढतही असतो, आणि वाढताना होणाऱ्या चुकांमधून औषधाला न जुमानणारी पिल्लावळ तयार होते.

नेहमीची पद्धत अशी, की १,००० च्या वर आकडा आला की गोळ्या का चुकतात यावर समुपदेशन करायचं, गोळ्या सुरळीत चालू ठेवायच्या आणि तीन महिन्यांनी परत तपासायचं. हे तीन महिने तुमच्या हातात आहेत. पण घड्याळ सुरू व्हायचं ते गोळ्या नीट सुरू झाल्या त्या दिवसापासून. आज गप्प राहिलात, तर तीन महिन्यांनी तोच आकडा पुन्हा येईल आणि कोणालाच काही कळणार नाही. फार दिवस गप्प राहू नका म्हटलं ते याचसाठी.

त्याच्याशी बोलायचं कसं? पुडी सापडली हे लपवू नका. नकळत आडून-आडून विचारत राहिलात तर त्याला ते कळेलच, आणि मग तुमच्या प्रत्येक प्रश्नात त्याला सापळा दिसेल. सरळ सांगा: “कपाट आवरताना मला पुडी दिसली. तेव्हा धसका बसला, पण मी रागावलेले नाही. गोळी घेणं कधी जड जातं, ते मला ऐकायचंय.” आणि मग खरंच ऐका. मध्येच आईचं नाव काढू नका. “तुझी आई असती तर” हे वाक्य अशा घरांत फार सहज निघतं, आणि ज्याची आई याच आजाराने गेली त्या मुलाला ते फार लागतं. (ती गेली, कशाने गेली हे तुम्ही लिहिलेलं नाही. मी अंदाज करते आहे.)

“गोळी घेतलीस ना?” हा प्रश्न आजपासून बंद करा. त्याला एकच उत्तर असतं, “हो”. त्याऐवजी विचारा, “गेल्या आठवड्यात किती राहिल्या?” काही राहणारच हे या प्रश्नाने गृहीत धरलेलं असतं, म्हणून खरं सांगायला तोंड उघडतं. तो “तीन” म्हणाला तर चेहरा पडू देऊ नका. “बरं, कुठल्या दिवशी?” एवढंच. दिवस कळला की कारण कळतं. शनिवारी उशिरापर्यंत बाहेर असतो, मित्र मुक्कामाला आला होता, सहलीला गेला होता. सहलीवरून आठवलं: गोळ्यांची प्लास्टिकची बाटली बॅगेत खुळखुळते. मोठ्या माणसांच्या हे ध्यानात येत नाही, पण मुलांच्या खोलीत चार जण झोपलेले असताना तो आवाज कोणाला ऐकू गेला तर काय सांगायचं, या एका धास्तीपायी मुलं बाटली घरी ठेवून जातात. बाटलीत कापसाचा बोळा घातला की आवाज बंद होतो. त्याहून सोपं म्हणजे मोजक्या गोळ्या छोट्या साध्या डबीत न्याव्यात. फार दमट जागी मात्र ठेवू नयेत.

रात्रीचीच वेळ हवी, असंही नाही. डोल्युटेग्राविरने काहींची झोप उडते. तसं असेल तर डॉक्टरांना विचारून सकाळी घेता येते. उशिरा आठवली तर आठवेल तेव्हा घ्यायची, मात्र दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दोन घ्यायच्या नाहीत. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या, आम्लपित्ताची औषधं चालू असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यांतली काही डोल्युटेग्राविर अंगी लागू देत नाहीत, त्यांच्या वेळा ठरवून घ्याव्या लागतात. बाकी गजर, तक्ता, मोबाइलचं ॲप हे सगळं ठीक आहे. पण तुमचा मुलगा विसरत नाहीये. विसरणारा मुलगा गोळ्या पुडीत जमवत नाही.

तो ठरवून टाळतोय, आणि तुम्हाला एकदा त्याचं कारणही सांगून बसलाय: “घेऊन तरी काय होणारे?” तुम्ही ते चिडणं समजलात. मला तो खरा प्रश्न वाटतो. बाराव्या वर्षी त्याने जो विचारला नाही, तो आता विचारतोय.

बारा वर्षांच्या मुलाला काय सांगितलं जातं? तुझ्या रक्तात असा असा विषाणू आहे, गोळी घेतली तर तू धडधाकट राहशील, कोणाला सांगू नकोस. त्या वयाला ते पुरतं. सोळाव्या वर्षी डोक्यात वेगळंच चालू असतं. कोणी आवडत असतं. आपल्याला कोणाच्या जवळ जाता येईल का, लग्न होईल का, आपली मुलं आपल्यासारखीच निघतील का. या प्रश्नांची त्याने मनाशी ठरवलेली उत्तरं बहुतेक ‘नाही’ अशी असतील, आणि सगळीच उत्तरं ‘नाही’ असतील तर गोळी कशासाठी घ्यायची?

ती उत्तरं चुकीची आहेत, आणि हे त्याला कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. नियमित गोळ्या घेऊन व्हायरल लोड सापडेनासा झालेल्या माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे धीर देण्यासाठीचं बोलणं नाही. युरोपात झालेल्या ‘पार्टनर’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या जोडप्यांत एकाला एचआयव्ही होता आणि त्याचा विषाणू औषधाने दाबलेला होता, दुसऱ्याला नव्हता. त्यांच्यात निरोधाशिवाय लाखाहून अधिक वेळा संबंध आले, आणि त्या जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हे नि:संदिग्ध शब्दांत सांगितलं. एचआयव्ही नसलेली मुलं होऊ शकतात, होतात. नियमित उपचार घेणारा माणूस इतरांच्या बरोबरीचं आयुष्य जगू शकतो.

त्याच दमात पुढचंही सांगायचं: आज, १८,६०० असताना, यातलं संसर्गाबद्दलचं त्याला लागू नाही. आज निरोध हवा. आकडा खाली गेला आणि खालीच राहिला की लागू. (निरोध त्यानंतरही इतर आजार आणि नको असलेली गर्भधारणा टाळायला कामाचा आहेच.) सोळाव्या वर्षी या गोष्टी कशाला, असं तुमच्या मनात आलं असेल. तुम्हाला स्वतः बोलणं अवघड वाटत असेल तर डॉक्टरांवर किंवा समुपदेशकांवर सोपवा. पण टाळू नका. या वयाच्या मुलाला गोळीकडे परत आणणारी याहून सबळ गोष्ट मला तरी माहीत नाही. “गोळी घे, नाहीतर आजारी पडशील” हे तो वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि आजारी तर पडलेला नाही.

यातूनच मी रिपोर्टकडे येते. आजवर हे रिपोर्ट कोणी घेतले, कोणी वाचले? बहुतेक तुम्ही. डॉक्टर तुमच्याशी बोलले असतील, तो बाजूच्या खुर्चीवर मोबाइल बघत बसला असेल, आणि निघताना “छान आहे हं” एवढं त्याच्या वाट्याला आलं असेल. रक्त त्याचं आणि निकाल मोठ्यांचा. त्यामुळे व्हायरल लोड त्याच्या लेखी मोठ्यांनी वाचायचं प्रगतिपुस्तक झालंय, आणि खराब प्रगतिपुस्तकाचं मुलं जे करतात तेच त्याने केलं.

हे बदला. पुढच्या वेळी रिपोर्ट त्याच्या हातात पडू दे. आकडा त्याने वाचावा, त्याचा अर्थ डॉक्टरांना त्याने विचारावा. जुने रिपोर्ट असतील तर तेही त्याच्या ताब्यात द्या. इतकी वर्षं तो विषाणूला खाली दाबून होता हे त्याने आकड्यांत कधी पाहिलेलंच नसेल. डॉक्टरांकडे गेलात की सुरुवातीची दहा मिनिटं तुम्ही बाहेर बसा. हे तुम्ही आपणहून सुचवलंत तर उत्तम. त्या दहा मिनिटांत तो पुडीचं सांगेल याची खात्री नाही, पण तुम्ही शेजारी असताना सांगणार नाही याची आहे. आणि रक्त घेतल्यावर निकाल कधी मिळणार, हे त्यालाच विचारू द्या. कुठे त्याच दिवशी कळतं, कुठे आठवडे लागतात. जुना निकाल हातात आला की तो तेव्हाच्या वागण्याबद्दल बोलतो, आजच्या नाही, आणि मधल्या काळात सुधारलेल्या मुलाला वाईट आकडा ऐकावा लागतो. असा प्रसंग आला तर तारखेकडे बोट दाखवा.

फोन मात्र देऊ नका. म्हणजे द्यायचाच असेल तर असाच द्या, रिपोर्टशी बांधू नका. माझा विरोध तत्त्वापेक्षा व्यवहाराचा आहे. डोल्युटेग्राविरने विषाणू झपाट्याने खाली येतो, बऱ्याच जणांमध्ये चार-सहा आठवड्यांत. तपासणीची तारीख जवळ आली की महिनाभर गोळ्या घ्यायच्या, निकाल छान आणायचा आणि मग पुन्हा पुडी, हे हुशार मुलाला कळायला वेळ लागत नाही. तुमचा मुलगा हुशार दिसतो. यांना म्हणावं, बक्षिसाने रिपोर्ट वळणावर येईल, मुलगा येईलच असं नाही.

काही दिवस गोळी तुमच्यासमोर घेतली तर चालेल का, हे त्याला विचारायला हरकत नाही. विचारा, हुकूम करू नका, आणि किती दिवस ते त्याला ठरवू दे.

त्याच्याच वयाची, हेच भोगलेली मुलं त्याला भेटली पाहिजेत. मावशीने दहा वेळा सांगितलेलं एक वेळ विरून जाईल, पण एकोणीस वर्षांचा एखादा मुलगा “मीपण वर्षभर टाकून देत होतो” म्हणाला की ते आत उतरतं. झिम्बाब्वेमध्ये २००४ पासून ‘झ्वान्दिरी’ नावाचा कार्यक्रम चालतो. एचआयव्हीसोबत जगणारी तरुण मुलंच तिथे प्रशिक्षण घेऊन लहानांच्या घरी जातात, त्यांच्याशी बोलतात. त्याचा पद्धतशीर अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे दोन वर्षांनंतर विषाणू आटोक्यात नसलेल्या किंवा दगावलेल्या मुलांचं प्रमाण नेहमीच्या सेवेत ३६ टक्के होतं, या सोबत्यांच्या गटात २५ टक्के. औषधं तीच होती. तुमच्या केंद्रात किशोरांचा गट आहे का विचारा. नसेल तर अशा एखाद्या मोठ्या मुलाशी गाठ घालून द्या म्हणावं.

एक गोष्ट तपासायची राहू देऊ नका. “घेऊन तरी काय होणारे” यामागे नुसता कंटाळा आहे की जगण्याचाच उबग? झोप, खाणं, मित्र, खेळ यांतलं काही सुटलंय का? शंका आली तर थेट विचारा: “मरून जावंसं वाटतं का कधी?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर बाहेर येतो. उत्तर “हो” आलं तर त्याला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. त्यापुढे गोळ्या आणि रिपोर्ट दोन्ही नंतर.

तो इंजेक्शनबद्दल विचारेल, मुलांनी इंटरनेटवर वाचलेलं असतं. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिव्हिरिन या औषधांची एक-दोन महिन्यांनी घ्यायची इंजेक्शनं आहेत, बारा वर्षांच्या पुढच्या आणि किमान ३५ किलो वजनाच्या मुलांसाठीही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये त्यांना पर्याय म्हणून मान्यता दिली, पण ज्यांचा विषाणू आधीच गोळ्यांनी दबलेला आहे त्यांच्यासाठी. ती सगळीकडे मिळतात असंही नाही. त्याला हे जसंच्या तसं सांगा. रोजच्या गोळीतून पुढे कधी सुटका होण्याची वाटही गोळीवरूनच जाते, हे त्याचं तो ताडेल.

शेवटचं, वर्गशिक्षिकांचं. नाही, सांगू नका. त्या कितीही चांगल्या असल्या तरी नाही. वर्गात बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने, खेळल्याने कोणाला काही होत नाही, त्यामुळे शाळेला कळलंच पाहिजे असं काही नाही. आणि एकाला कळलेली गोष्ट किती जणांपर्यंत जाईल यावर तुमचा ताबा राहत नाही. त्याला स्वतःला कधी त्यांना सांगावंसं वाटलं तर तो सांगेल. तुम्ही त्याला न विचारता सांगितलंत आणि त्याला ते कळलं, तर पुढची पुडी तुम्हाला सापडणार नाही अशा जागी जाईल.